तिघींची खोली

९ मे १९९९, रविवार

चर्चमधला मिस्सा आटोपून आले आणि जेवणाच्या टेबलावर मुलींचे फोटो मांडून बसले. खरं सांगायचं तर वर्षभरात मला याच दिवसाची वाट असते. माझा नवरा फ्रँक होता तेव्हा म्हणायचा, "लोरेटा पत्ते लावायला बसली, आता जेवण विसरा."

पियरवर, म्हणजे समुद्रातल्या लाकडी धक्क्यावरच्या आमच्या जत्रेत, उन्हाळाभर कामाला परदेशातून विद्यार्थिनी येतात. पाळण्यांची तिकिटं फाडायची, लिंबूपाणी विकायचं, बटाट्याचे काप तळायचे. मागच्या जुन्या मोटेलात त्यांची राहायची सोय असते आणि कुणी कुणाच्या खोलीत राहायचं ते मी ठरवते. पियरचा मालक ग्लेन ट्रूइट एरवी खिळ्याखिळ्यात नाक खुपसतो, पण यात नाही. "मिस लोरेटा, खोल्या लावाव्या तुम्हीच," एवढंच म्हणतो.

रीत माझी नव्हे, सिस्टर बेनिग्नांची. बाल्टिमोरच्या कॉन्व्हेंटात आम्ही फिरायला निघालो की त्या दारात उभ्या राहायच्या. एकटी क्वचित, दोघी कधीच नाहीत, तिघी नेहमी. 'दोघी म्हणजे कुजबूज, तिघी म्हणजे कुटुंब.' मला आणि माझ्या जिवलग पेगला त्यांनी पहिल्याच हिवाळ्यात वेगळं केलं. मी उशीत तोंड खुपसून रडले होते. पण मग सगळ्याच माझ्या झाल्या. आज या वयात कळतं, केवढी माया होती त्या कडकपणात.

म्हणून माझ्या प्रत्येक खोलीत तिघी, तीन देशांच्या, तीन भाषांच्या. पोलिश आणि स्लोव्हाक मुलींना एकमेकींचं अर्धंमुर्धं समजतं, म्हणून त्यांनाही वेगळं करते. मग इंग्रजी बोलावंच लागतं आणि कोणी एकटी पडत नाही.

या वर्षी लिथुआनियाच्या दोघी आहेत. दाइवा आणि तिची मावसबहीण रामुने. एकत्र खोली हवी म्हणून दोघींनी कळवलंय. अशा मुली दरवर्षी असतात. दाइवा खाली, रामुने वर.

५ जून

आल्या सगळ्या. बसमधून उतरताना चेहरे कसे धुतलेल्या कपड्यांसारखे पिळलेले असतात.

दाइवा पेटी खाली न ठेवताच माझ्याकडे आली. उंच, हाडापेराने मजबूत, भुवया जुळलेल्या. रामुने तिच्या मागे, एक वेणी, दाइवाच्या जाकिटाची बाही धरून. एकोणीस वर्षांची मुलगी आणि बाही धरते.

"मिस लोरेटा, मी मावशीला शब्द दिलाय. हिला नजरेआड करणार नाही म्हणून. त्याशिवाय ती हिला पाठवत नव्हती."

"अगं, वरच्या मजल्यावर राहणार आहे ती, चंद्रावर नाही."

"मावशी विचारेल तेव्हा काय सांगू?"

"सांग, तिथे एक म्हातारी आहे, ती आम्हा दोघींवर नजर ठेवते."

रामुने हसली. दाइवा हसली नाही. पेटी उचलून ती आधी वर गेली, बहिणीचा पलंग खिडकीपाशी सरकवून दिला, गादी दाबून पाहिली आणि मग आपल्या खोलीत गेली. बिचारी. महिन्याभरात हीच माझे आभार मानेल.

२० जून, रविवार

आज चर्चमध्ये रामुनेने ऑर्गन वाजवला. तिच्या गावच्या चर्चमध्ये ती दर रविवारी वाजवते म्हणे, आणि परत गेल्यावर संगीत शाळेची परीक्षा आहे. आमच्या मिसेस डोनोव्हनचा संधिवात म्हणजे आमच्या कानांची शिक्षा होती. आज त्याच खोक्यातून असा सूर निघाला की मागच्या बाकावरचे पेंगणारे ताठ बसले. पोरीची बोटं लांब, पांढरी, आणि वाजवताना तिचा भित्रेपणा कुठे जातो देव जाणे.

दाइवा शेजारी उभी राहून पानं उलटत होती. तिला स्वरलिपी वाचता येत नाही, ती फक्त बहिणीच्या मानेकडे बघते आणि मान हलली की पान उलटते.

घरी येताना मी दोघींना म्हटलं, चर्चच्या पायऱ्यांवर आपल्या भाषेत बोलत बसू नका, बाकीच्या मुलींना परकं वाटतं. रामुनेने लगेच माफी मागितली. गुणी पोर.

२४ जून

दाइवाचा उजवा हात भाजला. कोपराखाली, आतल्या बाजूने, तिरका लांब चट्टा. ती तळणीच्या स्टॉलवर असते. काप भरलेली जाळी तेलावर ज्या आकड्याला टांगून निथळत ठेवतात, तो आकडा निसटतो आणि जाळी परत तेलात पडते, असं सांगत होती. मी थंड पाण्याखाली हात धरला, मलम लावलं, पट्टी बांधली. पट्टीची गाठ मी अजून शाळेच्या आजारघरातल्यासारखीच मारते, चपटी, दोन पदरांची.

ती ग्लेनकडे जाऊन आकडा सैल आहे म्हणाली. ग्लेन म्हणाला, इतकी वर्षं कोणाला काही झालं नाही, तुलाच कसं झालं? तिला लिंबूपाण्याच्या गाडीवर टाकलं. चला, थंडाव्याचं काम.

४ जुलै

आतषबाजी. पाय दुखतायत. जास्त लिहीत नाही.

८ जुलै

बल्गेरियाची रोसित्सा भाजून आली. इंग्रजी तिला 'हॅलो' आणि, इथे कापांवर शिंपडतात म्हणून, 'व्हिनेगर' एवढंच येतं, त्यामुळे हातवारे करत होती. वरून काही पडतं, मग तेल उसळतं. नाटकातल्यासारखं सगळं करून दाखवलं. मला हसू आलं, मग तिलाही आलं, आणि पट्टी बांधताना डोळ्यांतून पाणी. या मुलींचं लक्ष नसतं हेच खरं. समोरून पोरं जातात, बँड वाजत असतो.

तिच्या खोलीतल्या दोघी तुर्की आणि स्लोव्हाक. त्यांनी तिला आइसक्रीम आणून दिलं. बघा, भाषेवाचून काही अडतं का?

२२ जुलै

औषधांच्या दुकानातला म्हातारा म्हणाला, "मिस लोरेटा, पुन्हा भाजल्याचं मलम? अहो, घरात मुली ठेवल्यात की अग्निशामक दल?" मी म्हटलं, तळणी तिथे डाग. तोही हसला.

हे मलम ब्राझीलच्या जुसारासाठी. तिचाही हात. ती रडत नाही, शिव्या देते, असाव्या तरी, कारण शेवटी क्रूसाची खूण केली. तिला म्हटलं, देवाला अर्पण कर. तिने मान हलवली. समजलं की नाही कोण जाणे.

२९ जुलै

आज दाइवाने मला कपडे धुण्याच्या खोलीत गाठलं. उद्यापासून रामुनेला तळणीवर टाकणार आहेत. मी काही बोलायच्या आत तिने बाही वर केली. चट्टा आता गुलाबी झालाय.

"मिस लोरेटा, मला एकच सांगा. माझ्याशिवाय कोणी भाजलंय का तिथे?"

मला अगदी सिस्टर बेनिग्नांचा आवाज ऐकू आला. एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत नेऊ नये. शाळेत याहून मोठा गुन्हा नव्हता, चोरीसुद्धा नाही. आणि मुली माझ्याकडे विश्वासाने येतात, म्हणून तर येतात. एकीचं रडणं मी दुसरीला सांगितलं तर उद्या कोण हात पुढे करेल?

मी म्हटलं, "बाळ, दुसऱ्यांच्या हातांकडे नको बघूस. आपल्या कामाकडे बघ."

"म्हणजे कोणी नाही?"

"म्हणजे मी कुणाचंच कुणाला सांगत नाही. तुझंही सांगितलेलं नाही."

तिने बाही खाली ओढली. मग म्हणाली, मालक म्हणतो तेच खरं असेल, माझाच हात वेंधळा. रामुनेचे हात माझ्यासारखे नाहीत, तिचे शहाणे आहेत. आणि चक्क हायसं वाटल्यासारखी हसली. तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. जाताना पुन्हा एकदा विचारून गेली, निदान आता शेवटच्या महिन्यात तरी एका खोलीत राहू का. मी म्हटलं, आता विस्कटायला नको, सगळ्यांचं छान बसलंय.

चांगला दिवस.

७ ऑगस्ट



रामुने भाजली. दुपारच्या गर्दीत भरलेली जाळी सगळीच्या सगळी तेलात पडली. उजवा हात, बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत. ग्लेनने रुग्णवाहिका बोलावली, तेवढं केलं. मी पोचले तेव्हा तिला नेलं होतं आणि दाइवा रिकाम्या स्टॉलसमोर, लिंबूपाण्याचा एप्रन घालून उभी होती. लोक व्हिनेगरच्या बाटल्या हातात धरून अजून रांगेत उभे होते.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो काढला नाही, पण हललीही नाही. खांबावर हात ठेवल्यासारखं वाटलं.

रोझरीची जपमाळ ओढली. दुसरं काय करणार?

११ ऑगस्ट

मुलींना इकडे आणणाऱ्या संस्थेच्या बाई चौकशीला आल्या होत्या. निळा सूट, थकलेला चेहरा. माझ्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी कॉफी घेतली. याआधी कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं होतं का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही. ते खरंच आहे. विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर द्यावं, पुढचं आपण होऊन बडबडू नये, हे आम्हाला शिकवलंय. मुलींमध्ये काही कुरबूर? नाही, म्हटलं, माझ्या खोल्यांत कधीच नसते. त्याही खोल्या बघून खूश झाल्या. म्हणाल्या, दुसरीकडे एकेका देशाचे कंपू होतात, इथे किती शांत आहे.

त्यांनी मुलींनाही विचारलं, एकेका खोलीत जाऊन. प्रत्येकीने आपापलं सांगितलं असेल, जेवढं इंग्रजीत सांगता आलं तेवढं. निघताना बाई म्हणाल्या, किरकोळ भाजणं कुठल्याही स्वयंपाकघरात चालायचंच.

मी म्हटलं, तेच तर.

१५ ऑगस्ट, पवित्र मरियेचा सण

मिसेस डोनोव्हनने ऑर्गन वाजवला.

रामुनेला आज न्यूयॉर्कच्या बसमध्ये बसवलं, तिथून विमान. हात पांढऱ्या गाठोड्यासारखा गळ्यात. डॉक्टर म्हणाले, हात वाचेल. बोटांचं विचारलं तर म्हणाले, व्यायामाने बघू. दाइवाला बरोबर जायचं होतं, पण तिचं तिकीट बदलून मिळालं नाही. तिने बहिणीच्या बुटाच्या नाड्या बांधून दिल्या, टोकं आत खोचली, आणि बस सुटायची वेळ होईपर्यंत वाकून तशीच बसून राहिली.

रामुनेने मला मिठी मारली. डाव्या हाताने. थँक यू मिस लोरेटा, म्हणाली. मला तेवढं पुरेसं आहे.

दाइवा माझ्याशी बोलत नाही. दुःख माणसाला अन्यायी करतं. देव तिला समज देवो.

३० ऑगस्ट

समुद्र खवळलाय. सकाळपासून वारा, पियर बंद, मोटेलातली वीज गेली. वरच्या मजल्यावर पाणी येऊ लागलं तशा मी सगळ्या मुलींना खालच्या मोठ्या खोलीत बोलावलं. इतक्या वर्षांत सगळ्यांना मी कधी एकत्र बसवलं नव्हतं, तशी वेळच आली नव्हती. दमट, कोंदट, खिडक्या फळ्यांनी बंद. मुलींनी कामाच्या शर्टांच्या लांब बाह्या दुमडल्या, काही जणी शर्ट काढून बनियनवर बसल्या. मी ब्रेड आणि चीज वाटत होते.

दाइवा कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसली होती. रोसित्साने पाण्याची बाटली पुढे केली आणि दाइवाने ती घेतली नाही. तिने रोसित्साचं मनगट धरलं आणि हात उलटा केला.

नंतर जे झालं ते कुणी एक शब्दही न बोलता झालं. दाइवाने आपला हात तिच्या हाताशेजारी टेबलावर ठेवला. कोपराखाली, आतल्या बाजूने, तिरका. एकच माप. जुसारा उठली, आली, तिने आपला ठेवला. मग एक पोलिश मुलगी आली. ती माझ्याकडे कधी आलीच नव्हती, तिने स्वतःच काहीतरी फासून बरं केलेलं, चट्टा काळपट पडला होता. टेबलावर हात शेजारी शेजारी, मेणबत्तीच्या उजेडात. तुर्की मुलीने तोंडावर हात घेतला.

दाइवाने मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"मी पट्ट्या बांधल्या," मी म्हटलं. माझ्या हातात चीजची ताटली होती, ती कुठे ठेवावी कळेना.

"मी विचारलं होतं. कपड्यांच्या खोलीत."

"दाइवा, मी कुणाचं कुणाला..."

"मी विचारलं होतं, मिस लोरेटा."

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. बाहेर फळ्या धडधडत होत्या. मुली एकमेकींना इंग्रजीत, बल्गेरियनमध्ये, बोटांनी, कशानेही सांगत होत्या, आणि गंमत अशी की सगळं सगळ्यांना समजत होतं. मलाच कुणी काही सांगत नव्हतं.

१ सप्टेंबर

वादळ ओसरलं. सकाळी सगळ्या मुली ग्लेनच्या कचेरीसमोर उभ्या राहिल्या, कुणी कामावर गेलं नाही. दुपारपर्यंत त्याने ती तळणी उचलून कचऱ्याच्या गाडीत फेकायला लावली. मग माझ्याकडे आला. टोपी न काढता आत आला, असं तो कधी करत नाही.

"वीज गेली म्हणून सगळ्यांना एका खोलीत मांडी घालून बसवायचं? तुम्ही? दुसरं कुणी नाही, तुम्ही?"

मी म्हटलं, वर पाणी येत होतं, ग्लेन. आणि मी विचारलं, आकडा सैल आहे हे तुला कधीपासून माहीत होतं?

"आकड्याचं सोडा. मिस लोरेटा, इतकी वर्षं मी तुमच्या खोल्यांना हात लावला नाही तो कशासाठी असं वाटलं तुम्हाला? पलीकडच्या पियरवाल्याने पोलिश पोरी सगळ्या एका घरात ठेवल्या. जुलै उजाडला नाही तोच सगळ्या तक्रार घेऊन त्याच्या दारात. माझ्या दारात कोणी आलं कधी? आली तर एकटी आली, दोन टिपं गाळली, गेली परत. तुमच्या त्या नन्स फार हुशार बायका होत्या. कुठल्याही मॅनेजरला शिकवतील."

मी त्याला सांगितलं की सिस्टर बेनिग्नांचं तसं काही नव्हतं. आमच्यात कुणी एकटी पडू नये म्हणून होतं ते.

"असेल," तो म्हणाला. "परिणाम तोच."

जाताना सांगून गेला, दाइवाचं काम आजपासून बंद. तिने चिथावलं म्हणून. आणि पुढच्या वर्षीपासून खोल्या त्याची सून लावेल. तीन देश, तीन भाषा, रीत तीच ठेवायला सांगणार आहे.

मी त्या निळ्या सूटवाल्या बाईंना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी तारखा लिहून घेतल्या. मग म्हणाल्या, अहवाल तर गेला, आता नवीन चौकशीसाठी वर लिहावं लागेल, बघू. "तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नव्हतं," मी म्हटलं.

माझ्या कानांना ते वाक्य कसं लागलं ते लिहीत नाही. आमच्याबद्दल सिस्टरांचा हेतू वेगळा होता. असावा. पेगने आणि मी त्या वर्षी माझ्या वडिलांना कळवायचं ठरवलं होतं की लहान मुलींना हिवाळ्यात अनवाणी गुडघे टेकवून बसवतात. दोघींनी मिळून कळवायचं ठरवलं होतं. मग खोल्या बदलल्या आणि ते राहूनच गेलं. आज कशावरून आठवलं हे मला?

३ सप्टेंबर

दाइवाला बस थांब्यावर मीच गाडीने सोडलं. दुसरं कुणी नव्हतं. तिचं विमान पुढच्या आठवड्यात आहे, तोवर ब्रुकलिनला त्यांच्या भाषेचे एक पाद्री आहेत, त्यांच्याकडे राहील.

वाटेत मी बोलत राहिले. हवा किती स्वच्छ झाली वादळाने, वगैरे. थांब्यावर पोचल्यावर मी तिला जे म्हटलं ते कालपासून मनात जुळवत होते. मी तुझ्या मावशीला पत्र लिहीन. तुझा काही दोष नव्हता, तू दोनदा माझ्याकडे एक खोली मागितलीस, तू मला विचारलंस आणि मी सांगितलं नाही, सगळं लिहीन. माझ्या सहीने. म्हणजे तिथे तुला कुणी बोल लावणार नाही.

ती माझ्याकडे वळली. रागाने नव्हे. एखाद्या लहान मुलाने अवघड गणित चुकवल्यावर शिक्षिका बघते तसं.

"कोणत्या भाषेत लिहाल?"

मी म्हटलं, इंग्रजीतच, पण कुणीतरी वाचून दाखवेल की तिला.

"आमच्या घरात इंग्रजी आम्हा दोघींनाच येतं. रामुने सांगायची नाही, ती सगळ्यांना सांगतेय की तिचाच पाय घसरला." तिने पिशवीचा पट्टा खांद्यावर नीट केला. "मावशीसमोर बसून मीच वाचू का, की दाइवाचा दोष नाही म्हणून?"

 बस आली. ती न वळता चढली. काचेतून दिसली, मधल्या रांगेत खिडकीपाशी बसली होती. एक बाई शेजारी बसायला आली तशी दाइवाने पिशवी मांडीवरून उचलली आणि त्या रिकाम्या जागेवर ठेवली. बाई पुढे गेली.